प्रकल्प नोंदी: मार्गशीर्षातली टर्की

25 ऑक्टोबर 2025, शनिवार

भाऊबीज परवाच झाली, चकल्यांचा डबा अजून अर्धा आहे, आणि घरात पुढच्या सणाची बोलणी सुरू. यंदा थँक्सगिव्हिंग आमच्याकडे, न्यू जर्सीत. भाऊजी, जाऊबाई आणि मुलं बॉस्टनहून येणार, शेजारचं एक कुटुंब येणार. एकूण बारा पानं, त्यातली टर्की खाणारी आठ. लेकीची अट एकच: टर्की अख्खी हवी, तुकडे करून रस्सा नको. माझी अट: आणायचीच तर ऑर्गॅनिक, आणि त्या शिक्क्याचा नक्की अर्थ काय ते आधी समजून घ्यायचं.

पहिली अडचण टर्कीची नाहीच, तारखेची आहे. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, हे 1941 च्या कायद्याने ठरलेलं. यंदा तो 27 ला येतो. सासूबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं आणि बोट ठेवलं: 21 पासून मार्गशीर्ष, 26 ला चंपाषष्ठी, 27 ला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. अमेरिकेतल्या सूर्योदयावरून काढली तर तिथी थोडी मागेपुढे होते, पण त्या सासवडच्या. देवाधर्माला तिकडचंच पंचांग.

"अगं, गुरुवारी महालक्ष्मीचा घट बसणार आणि त्याच घरात तुम्ही तो एवढा पक्षी भाजणार?"

"नाही आई, गुरुवारी नाही. शुक्रवारी करू."

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी असतेच. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरतात बुध, शुक्र, रवि. त्यामुळे शुक्रवार 28 नक्की. सासूबाई स्वतः महिनाभर खाणार नाहीत, पण "मला वास चालतो, तुम्ही खा" म्हणाल्या. मोठ्या मनाचा निर्णय. लेकीने वहीत "फ्रायडेगिव्हिंग" असं लिहून टाकलंय.

1 नोव्हेंबर, शनिवार

दुकानं पालथी घातली. गोठवलेली साधी टर्की पौंडाला डॉलरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून स्वस्त. गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून ती तोट्यात विकतात. मिनेसोटा आणि डकोटांकडे बर्ड फ्लूने यंदा पुन्हा कळपच्या कळप गेले, घाऊक भाव चढलेत, तरी दुकानदार या एका आठवड्यासाठी हा भाव धरून ठेवतात. ऑर्गॅनिक मात्र चौपट, पाचपट, कुठे त्याहून जास्त.

आता वेष्टनावरचे शब्द. हे नीट लिहून ठेवते, कारण निम्मी फसगत इथेच होते.

'नॅचरल': वरून कृत्रिम काही घातलेलं नाही आणि फारशी प्रक्रिया नाही, एवढंच. पक्षी कसा वाढला याबद्दल अवाक्षर नाही.

'हार्मोन नाहीत': कोंबड्या-टर्क्यांना हार्मोन द्यायला इथे मुळातच बंदी आहे. म्हणून हे छापलं की शेजारी बारीक अक्षरात ती बंदीही छापावी लागते. म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'यात दारू नाही' असं लिहिण्यातला प्रकार.

'केज-फ्री': मांसाच्या टर्क्या तशाही पिंजऱ्यात वाढवत नाहीत. शब्द फुकटचा.

'फ्री-रेंज': बाहेर जायला दार होतं. दाराबाहेर कोण, किती वेळ गेलं, ते शब्द सांगत नाही.

'शाकाहारी खाद्य': सासूबाईंना वाचून दाखवलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे ती पाळते आणि तुम्ही नाही!" खरं तर टर्की किडे, नाकतोडे आवडीने खाणारा पक्षी. मोकळ्या गवतावर फिरलेली टर्की शाकाहारी असूच शकत नाही.

'फ्रेश': पक्षी कधीच 26 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलेला नाही. मांस 32 ला लगेच गोठत नाही, म्हणून ही रेघ 26 वर. 'फ्रोझन' म्हणजे शून्य फॅरनहाइट किंवा खाली.

आणि 'ऑर्गॅनिक'. या एकाच शब्दामागे खरी तपासणी आहे. पिल्लू अंड्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऑर्गॅनिक संगोपन, सगळं खाद्य प्रमाणित ऑर्गॅनिक, म्हणजे जनुकबदल केलेला मका-सोया नाही, बाहेर वावर, आणि अँटिबायोटिक नाही. पक्षी आजारी पडला तर औषध नाकारता येत नाही, उपचार करावेच लागतात, पण मग तो ऑर्गॅनिक म्हणून विकता येत नाही. मला पैसे मोजावेसे वाटतात ते या शेवटच्या कलमासाठी. 2017 ते 2019 या काळात कच्च्या टर्कीतून पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीत औषधांना न जुमानणारे जंतू सापडले होते. ऑर्गॅनिक टर्कीतही साल्मोनेला असू शकतो, तेव्हा शिजवण्यात सूट नाही.

चव? शिक्का चवीबद्दल काहीच म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट शीतपेटीशी उभं राहून वाचली: बऱ्याच स्वस्त टर्क्यांवर 'आठ टक्क्यांपर्यंत द्रावण मिसळलेले' असं छापलेलं. मिठाचं पाणी टोचलेलं असतं. टर्कीच्या भावात पाणी घ्यायचं, शिवाय अशा पक्ष्याला घरी वेगळं मीठ लावता येत नाही, खारट होतो. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या टर्कीचंही तेच, ती आधीच मिठातून काढलेली असते.

8 नोव्हेंबर, शनिवार

हंटरडन काउंटीतल्या एका फार्मवर गेलो. रस्त्यात आणखी एक छोटं फार्म लागलं, त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंतची ऑर्गॅनिक विक्री असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नसते, नियम मात्र तेच पाळायचे. तिथले पक्षी छान दिसत होते, पण सगळे आधीच बुक झालेले.

मोठ्या फार्मवर सरकती शेड, काही दिवसांनी पुढच्या गवतावर ओढून नेतात. आम्ही कुंपणाशी गेलो आणि धाकटा जोरात शिंकला. सगळ्या नरांनी एकदम गळा काढला, गॉबल-गॉबल-गॉबल. त्याने पुन्हा खोटं शिंकून पाहिलं, पुन्हा तोच कोरस. हा खेळ बराच चालला. नराच्या चोचीवरून लोंबणारा मांसल झुबका असतो, आणि चिडला की डोक्याचा रंग निळ्याचा लाल होतो. अगदी समोर होताना पाहिलं.

इथे दोन जाती. एक पांढरी, रुंद छातीची, जी अमेरिकेत सर्वत्र खातात. दुसरी बॉर्बन रेड, जुन्या वाणाची, तांबूस पिसांची. जुना वाण सावकाश वाढतो, सहा-सात महिने लागतात, छाती लहान, तंगडी लांब, मांस चिवट पण चवदार, आणि भाव जवळजवळ दुप्पट. रुंद छातीची चार-साडेचार महिन्यांत तयार. तिची छाती माणसाने इतकी वाढवून ठेवली आहे की तिला नैसर्गिक जोडही जमत नाही, सगळी पैदास कृत्रिम रेतनाने. ऑर्गॅनिकचा शिक्का असला तरी हे तसंच असतं. माझ्या मनात ते थोडं खुपलं. नवऱ्याचं म्हणणं, पहिल्यांदाच अख्खी टर्की भाजतोय, त्यात चिवट मांसाचा धोका कशाला. बरोबर होतं. पांढरीच ठरवली, पण पुढे कधीतरी बॉर्बन रेड करायची, तीसुद्धा मंद आचेवर, आपल्या गावठी कोंबड्यासारखी.

वजन: माणशी दीड पौंड धरलं तर आठ जणांना बारा. साधारण सोळाच्या आतल्या माद्या असतात, वरचे नर. मादी, बारा ते तेरा पौंड, ताजी, न गोठवलेली. पौंडाला साडेसहा डॉलर. पंचवीस आगाऊ दिले. बुधवारी 26 ला येऊन न्यायची. चपटी करून भाजायची झाली तर लागेल म्हणून कणा कापून मिळेल का विचारलं, तर नाही म्हणाले.

परत येताना लेक शाळेतलं सांगत होती: पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या 1621 च्या जेवणाला, प्लिमथला, तिथल्या मूळ रहिवासी वांपानोआग लोकांनी पाच हरणं आणली होती, टर्की होती की नाही हे पक्कं नाही, नोंदीत नुसते 'पक्षी' म्हटलंय. मग मी माझा पत्ता टाकला. त्याच्या नऊ वर्षं आधी, 1612 ला, मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की नेली होती. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आणलेली. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं, ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सासूबाई मागच्या सीटवरून: "म्हणजे आधी आपल्याकडेच आली होती म्हणा की."

16 नोव्हेंबर, रविवार

काल एकादशी, म्हणून तालीम आज. साडेचार पौंडांची कोंबडी.

पद्धत ठरवायची होती. अख्खी टर्की तशीच भाजली तर छाती 165 फॅरनहाइटला (74 सेल्सियस) झाली पाहिजे, आणि मांड्यांना 175 च्या पुढे जावं लागतं, तरच त्यांतले चिवट धागे विरघळतात. छाती वर उघडी, मांड्या खाली अंगाशी दडलेल्या. मांड्या होईपर्यंत छातीचा भुसा होतो. टर्की कोरडी लागते ही तक्रार निम्म्याहून जास्त याच भूमितीची आहे. उपाय: कणा कापून काढायचा, छातीचं हाड दाबून पक्षी चपटा करायचा. मग मांड्या बाहेरच्या बाजूला, गरम कडेला येतात, छाती मध्ये, आणि भाजायला निम्मा वेळ. अख्खी टर्की ताटात आणून मिरवता येत नाही, पण लेकीने "चपटी पण अख्खीच" असं मान्य केलं.

मिठाचा हिशेब वजनावर, चमच्यावर नाही. इथलं जाड कोशर मीठ कंपनीगणिक हलकं-जड असतं, एकाचा चमचा दुसऱ्याच्या दीडपट-दुप्पट खारट. पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्का. आदल्या दिवशी लावून उघडाच फ्रिजमध्ये. मीठ आधी पाणी ओढून बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी परत आत मुरतं आणि मांसाचं प्रथिन सैल करून भाजताना पाणी धरून ठेवतं. कातडी वरून वाळते, म्हणून कुरकुरीत होते. मिठात थोडी बेकिंग पावडर (सोडा नव्हे) मिसळली, कातडी छान तांबूस होते.

कोंबडी उत्तम झाली. हिरवं वाटण कातडीच्या वर लावलं होतं त्या अर्ध्या भागावर लसूण करपला, कडवट. कातडीच्या खाली लावलेलं मस्त. निर्णय: वाटण आत, वर फक्त तेल.

22 नोव्हेंबर, शनिवार

खंडोबाचं नवरात्र सुरू, घरात कांदा-लसूणही नाही. आज फक्त तयारी.

गराजमधला जुना फ्रिज रिकामा केला, पुसून घेतला, आत थर्मामीटर ठेवला: 37 फॅरनहाइट. 40 च्या खाली हवं, म्हणजे चालेल. टर्की तिथेच राहणार, घराच्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं सामान. सासूबाईंच्या आणि अन्न-सुरक्षेच्या नियमांचं इथे एकमत: कच्चं मांस वेगळं. ओव्हन खरवडून साफ केला, नाहीतर 425 ला जुनं तूप पेटून धुराचा अलार्म वाजणार.

26 नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

सकाळी नैवेद्याला रोडगे आणि वांग्याचं भरीत. चातुर्मासात बंद असलेलं वांगं आज सुटलं. रोडगे गोवऱ्यांवर व्हायचे ते ओव्हनमध्ये. त्या निमित्ताने कळलं, आमचा ओव्हन काट्यापेक्षा पंधरा अंश कमी तापतो. रोडग्यांनी टर्कीचं काम केलं.

दुपारी फार्म. रांग रस्त्यापर्यंत, पण पटापट सरकली. 12.6 पौंड, म्हणजे 5.7 किलो. 82 डॉलर.

संध्याकाळी गराजमध्ये टेबल मांडून काम. पोटात मान आणि कलेजी-पेट्याची पिशवी असते, ती काढली. नवऱ्याचा हात नळाकडे गेला. आपल्याकडे मटण-चिकन धुतल्याशिवाय चूल दाखवत नाहीत, हळद-मीठ लावून तीन पाण्यांतून काढतात. इथे मात्र धुवायचं नाही. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. मारते ती आच. कागदी रुमालाने आतबाहेर टिपून घेतली.

कणा कापणं हे कोंबडीसारखं नाही. मोठी कात्री शेपटीकडून घातली, पहिल्या चार इंचांत मऊ, मग मांडीच्या सांध्यापाशी अडली. तिथे कात्री फिरवून सांध्यातच जाऊ द्यावी लागते, हाडावर जोर लावला तर नुसता अंगठा दुखतो. बरगड्या एकेक करून कट्-कट् तुटल्या. दुसरी बाजू. मग उलटी करून छातीवर दोन्ही तळवे ठेवून नवऱ्याने अंगाचा भार टाकला, मोठा कडाका झाला, धाकटा आत पळाला. पक्षी पुस्तकासारखा उघडा पडला.

57 ग्रॅम मीठ, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, भरडलेली मिरी. आतून-बाहेरून चोळून, जाळीवर, उघडी, फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात. ताजी टर्की आणल्यापासून दोन दिवसांत शिजवावी, शुक्रवार बरोबर बसतो.

27 नोव्हेंबर, गुरुवार

घट बसला, कहाणी वाचली. पाहुण्यांसकट सगळे शाकाहारी: लाल भोपळ्याचे घारगे, पुरणपोळी, बटाट्याची भाजी, आणि इथल्याच, न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स भागातल्या क्रॅनबेरींचा मेथांबा. क्रॅनबेरी कैरीहून आंबट आणि जरा तुरट, गूळ दीडपट लागला. टर्कीला हात नाही. रात्री कणा, मान आणि पेट्याचं आळणी तेवढं उकळायचं मनात होतं, पण गुरुवार आहे म्हणून तेही उद्यावर.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

जेवण संध्याकाळी सहाला. मागे मोजत गेले:

1:00 कणा, मान, पेटा, कांदा, गाजर, सेलरी घालून आळणी चढवलं. कलेजी त्यात नाही, कडू होतं. ती भाऊजींनी मिरी-मिठावर परतून चहाबरोबर संपवली.

2:45 टर्की बाहेर. कातडी कागदासारखी कोरडी झालेली, हेच हवं होतं. बोटं कातडीखाली सरकवून ती छातीवरून सोडवली, फाटू न देता. लोणी, कोथिंबीर, आलं, लसूण, हिरवी मिरची, लिंबाची साल यांचं वाटण आत पसरलं. मीठ नाही, आधीचं पुरेसं. वरून तेलाचा हात.

3:20 ओव्हन 440 वर, म्हणजे खरा 425. खालच्या ट्रेमध्ये कांद्याच्या चकत्या आणि थोडं पाणी, चरबी टपकून जळू नये म्हणून. पंखांची टोकं छातीखाली खोचली.

4:05 ट्रे फिरवला. छाती 110. घरभर वास. सासूबाई देवघरातून: "हे तर आपल्या तंदूरसारखं वासतंय."

4:40 छाती 146, मांडी 158. पंखांवर फॉइल.

4:55 छाती 160, मांडी 177. काढली. थर्मामीटर मांडीत घालताना हाडाला टेकला की आकडा खोटा येतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तपासला. बाहेर काढल्यावरही आच आत सरकत राहते, दहा मिनिटांत छाती 166 वर पोचली. पाऊण तास तशीच ठेवली. झाकली नाही, नाहीतर कातडी मऊ पडते.

तेवढ्या वेळात ट्रेमधली चरबी वेगळी करून त्यात मैदा परतला, आळणी ओतलं, ग्रेव्ही. चिमूटभर गोडा मसाला घातला. जाऊबाई म्हणाल्या नको, नंतर दोन वाट्या घेतल्या.

कापताना छाती हाडावरून पूर्ण सोडवून घेतली आणि मग आडव्या चकत्या केल्या, म्हणजे धागा आखूड होतो. प्रत्येक चकतीला कातडीची एक कड, खाली हिरवी रेघ. रस फळीवरून ओघळला तो ग्रेव्हीत. मांडीचं मांस वेगळ्या ताटात, ते आधी संपलं. मराठी घरात तंगडीचीच मारामारी.

भाऊजींनी थेट विचारलं, "वहिनी, खरं सांगा, ऑर्गॅनिकची चव कळली?"

नाही. जी चव कळत होती ती मिठाला मिळालेल्या दोन दिवसांची, थर्मामीटरची आणि त्या वाटणाची होती. डॉलरवाली, पण द्रावण न टोचलेली टर्की आणून तिच्यावर एवढीच मेहनत घेतली असती तर डोळे मिटून ओळखता आली असती असं मला वाटत नाही. मी पैसे दिले ते तिच्या खाद्यासाठी, अँटिबायोटिक नसण्यासाठी आणि त्या गवतासाठी. ज्याला फक्त चव हवी त्याने आधी थर्मामीटर घ्यावा, वीस-पंचवीस डॉलरचं काम आहे. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग तंगडी वाढा.

उरलेलं दोन तासांच्या आत हाडांवरून काढून उथळ डब्यांत, फ्रिजमध्ये.

30 नोव्हेंबर, रविवार

सांगाड्याचा पांढरा रस्सा. हाडं तोडून प्रेशर कुकरमध्ये, आलं, अख्खी मिरी, तमालपत्र, दालचिनी, वेलदोडा. चाळीस मिनिटं. भाजलेल्या हाडांमुळे पाणी तांबूस येतं, म्हणून कातडी आणि करपलेले कडेचे तुकडे आधी काढून टाकले. काजू, खसखस, पांढरे तीळ यांचं गुळगुळीत वाटण, शेवटी जाड नारळाचं दूध आणि लगेच गॅस बंद, उकळलं की फुटतं. तुपात लवंग-मिरचीची फोडणी. रंग हस्तिदंती झाला, कोल्हापूरइतका शुभ्र नाही. टर्कीचा अर्क मटणापेक्षा पातळ, म्हणून काजू जरा सढळ हाताने.

उरलेल्या छातीच्या मांसाचे कटलेट आजच रात्री मुलांना, उद्या सोमवार. तिसरा-चौथा दिवस, त्यापुढे ठेवायचं नाही.

पुढच्या वर्षासाठी: थँक्सगिव्हिंग 26 नोव्हेंबर 2026. तेव्हा अधिक ज्येष्ठ येऊन गेलेला असेल, मार्गशीर्ष डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सासूबाईंनी आत्ताच पाहून ठेवलंय, सणाचा गुरुवार कार्तिकातच पडतो. दत्ताचा वार आहेच, त्यामुळे टर्की पुन्हा शुक्रवारीच, पण त्या दिवशी त्या स्वतः जेवायला बसणार. बॉर्बन रेडचं बुकिंग सप्टेंबरात सुरू होतं.